कापलेलं हसू

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. छपराची गळती, मधल्याचा खोकला, नवऱ्याचा गुडघा, फोटोच्या दुकानातल्या रंगवलेल्या पडद्याला लागलेली कसर, असं चार पानं भरून लिहिलंस आणि शेवटी म्हणतेस, ‘ताई, तू सुखी. एकटा जीव, मागं कसली कटकट नाही.’ ते वाचलं आणि पत्र पालथं ठेवून चहा करायला उठले. दूध उतू गेलं. खरं सांगू? मला तुझ्या गळक्या छपराचासुद्धा हेवा वाटला. पाणी गळायला लागलं की तुम्ही सगळे मिळून भांडी मांडत असाल, कोणतं भांडं कुठं यावरून वाद घालत असाल, आणि तुझा नवरा दुखरा गुडघा घेऊन स्टुलावर चढत असेल. तू खालून ओरडत असशील. माझं छप्पर चांगलं पक्कं आहे. त्याच्याखाली बसून मी तुझी पत्रं वाचते.

हेवा हा शब्द आपल्या दोघींत कधी आला नाही, नाही का गं? मी मोठी, शहाणी, समजूतदार. लोक तुला सांगायचे, ‘ताईसारखी हो.’ मला कुणी कधी म्हटलं नाही की बारकीसारखी हो. म्हटलं असतं तरी जमलं नसतं. आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांची, तू सात. बाबा गोदीत जहाजांना रंग लावायचे. घरी आले की हातही न धुता विचारायचे, ‘बारके, आज कोण कोण भेटलं?’ आणि तू दूधवाला, घरमालकीण, शाळेतल्या बाई, असे एकामागून एक हुबेहूब करून दाखवायचीस. बाबा पोट धरून हसायचे. मी चुलीपाशी. ते मलाही बोलवायचे, ‘ये गं, बघ तरी.’ मी म्हणायचे, करपेल. करपत काही नव्हतं. तुझ्याकडे बघून बाबांचा चेहरा कसा होतो ते मला बघवत नव्हतं, एवढंच.

स्टुडिओत आधी गेले ती मी. हे तुझ्या मुलांना तू कधी सांगितलं असशील असं वाटत नाही. बाबांच्या छातीनं काम सोडलं तेव्हा गोदीमागच्या त्या पत्र्याच्या स्टुडिओत मला जोडणीच्या खोलीत घेतलं. आम्ही चार बायका. समोर दुधी काच, तिच्याखाली आरसा, आरशात खिडकीतून येणारा उजेड. फिल्मची पट्टी काचेवर धरायची, चित्रं बघायची, नको ते कापायचं, हवं ते जोडायचं. हातात सुती मोजे, जवळ कात्री, एक लहानसं पातं आणि नाक झोंबणाऱ्या चिकटद्रवाची बाटली. बोलपट नव्हते तेव्हा. एका सेकंदाला सोळा चित्रं, आणि तीही कॅमेरावाल्यानं हातानं दांडा फिरवून काढलेली. दोन वर्षांत माझा हात असा बसला की पट्टी बोटांतून सरकवता सरकवता मी सांगायचे, हा माणूस आता वळणार.

तिथंच तो यायचा. तुझा नवरा. तेव्हा तो तुझा कुणी नव्हता. कॅमेऱ्यातून बघताना सारखा एक डोळा मिटून त्याची एक पापणी कायमची अर्धी उतरली होती, म्हणून सगळे त्याला एकडोळ्या म्हणायचे. आपण काढलेलं कसं आलंय ते बघायला तो दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा, चहाचा पेला फिल्मपासून हातभर लांब धरून. एकदा म्हणाला, ‘तुमचा हात अजिबात कापत नाही.’ मी म्हटलं, ‘कापायचाच तर पगार मिळतो.’ तो इतका हसला की त्याचा चहा सांडला. त्या एका विनोदावर मी वर्ष काढलं, बारके. आज ना उद्या तो काही बोलेल, या आशेवर. मी स्वतःहून बोलणाऱ्यातली नव्हते, आणि तोही घुम्या. दोन घुम्यांमध्ये काही घडलं नाही तरी त्यातल्या एकीला वाटत राहतं की घडतंय.

तुला न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगते, मग पुढची सांगायला सोपी जाईल. मालकांनी एकदा लहानसहान कामांसाठी स्टुडिओतल्या बायकांची चाचणी घेतली होती. मीही गेले. घरून निघताना तुझी रिबन चोरून वेणीला लावली होती. कॅमेऱ्यासमोर चालत आले, खुर्चीवर बसले, आलेलं पत्र वाचल्यासारखं केलं. ‘बस’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझीच पट्टी माझ्याच टेबलावर आली. काचेवर धरली. एक नीटनेटकी बाई, जिला कुणीतरी खुर्चीवर बसायला सांगितलंय. दुसरं काही नाही. ती पट्टी मी भंगाराच्या डब्यात टाकली आणि रिबन जागच्या जागी ठेवली. मनाला म्हटलं, पडद्याला नको तर नको, दांडा फिरवणाऱ्याला तरी मी हवी असेन.

मग ‘वादळाची लेक’ आलं. चाच्यांच्या जहाजाचा म्हातारा कप्तान, मुलाच्या वेशात वाढलेली त्याची मुलगी, तिला पकडायला आलेला आरमाराचा देखणा अधिकारी. तलवारी, दोरांवरून झोके, पेटलेली शिडं, तोफांचा धूर. सुतारांनी आवारात अर्धंच जहाज बांधलं होतं, कॅमेऱ्याला दिसणारी बाजू तेवढी. मागून पाहिलं तर नुसत्या फळ्या आणि टेकू. खाली ओंडके घालून आठ माणसं ते डुलवायची आणि वरून घसरगुंडीवरून पिंपंच्या पिंपं पाणी सोडायची. मुलीच्या कामाला कुणी मिळत नव्हतं. ज्यांना तोंड होतं त्यांना दोरावर चढता येत नव्हतं, आणि दोरावर चढणाऱ्यांना तोंड नव्हतं.

त्या दिवशी मी हातमोजे घरी विसरले नसते तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की तो गुळगुळीत झालाय. तू मोजे द्यायला आलीस. आवारात नायक, आपला मिशी, डोलकाठीखाली हात जोडून उभा होता, ‘वरचा दोर ओला आहे, मी चढणार नाही.’ दिग्दर्शक पत्र्याच्या कर्ण्यातून सगळ्यांचा उद्धार करत होता. त्याला सगळे भोंगाच म्हणायचे. ‘एवढ्या माणसांत एकालाही झाडावर चढता येत नाही का?’ असं तो ओरडला आणि तू माझे मोजे एका पिंपावर ठेवून सरसर वर गेलीस. गोदीत वाढलेली पोर तू, दोर म्हणजे तुला जिना. वर पोचल्यावर गप्प खाली यावं ना? नाही. दोन्ही हातांचा कर्णा करून तू भोंग्याचीच नक्कल केलीस. सगळं आवार हसलं. आधी भोंगा लाल झाला, मग तोही हसला. वीस मिनिटांत त्याला तुझं नाव पाठ झालं. मला तो दोन वर्षं ‘अहो कात्रीबाई’ म्हणून हाक मारत होता.

मुलीचं काम तुला मिळालं तेव्हाचा माझा आनंद तुला आठवत असेल. मी सगळ्यांना सांगत फिरले, माझी बहीण, माझी बहीण. ओठात एक आणि पोटात एक. त्या तीन महिन्यांत तलवार शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं तुझी पाठ काळीनिळी केली. तू पलंगावर पालथी पडायचीस आणि मी मलम चोळायचे. चोळता चोळता तुझी बडबड ऐकायचे. मिशीच्या मिशा पाण्यानं सुटून तोंडात गेल्या. भोंगा खुर्चीसकट टाकीत पडला. आणि मध्येच कधीतरी, अगदी सहज, ‘ताई, तो कॅमेरावाला बोलत का नाही गं कुणाशी?’ मी म्हटलं, ‘शिष्ट आहे.’ मलम जरा जोरानं चोळलं गेलं असेल. तू ओरडली होतीस.

आता ऐक. जोडणीच्या टेबलावर जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. दिग्दर्शक ‘बस’ म्हणतो तेव्हा कॅमेरावाला दांडा थांबवतो. थांबता थांबता चार-पाच चित्रं जास्तीची येतात, ती शेपटी आम्ही कापून टाकायचो. मिशीच्या शेपट्या तीन चित्रांच्या. कप्तानाच्या चार. माझ्या चाचणीची शेपटी मला अजून आठवते. एक चित्र. ‘बस’ म्हणताच हात थांबला होता त्याचा. आणि तुझ्या? पहिल्या आठवड्यात वीस. मग चाळीस. पुढं मी मोजायला लागले. शंभर. एका पट्टीत सगळे निघून जातात, कुणीतरी तलवारी गोळा करून नेतं, आणि तू एकटी जहाजाच्या कठड्याला टेकून केसांतलं पाणी पिळत असतेस. मग मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे बघतेस आणि जीभ काढतेस. अडीचशे चित्रं होती ती. पंधरा-सोळा सेकंद तो माणूस फिल्म जाळत उभा होता, ज्याला मालक इंचाइंचावरून बोलायचे.

तुम्हा दोघांना तेव्हा काही माहीत नव्हतं. ते मला आधी कळलं, तुमच्याही आधी. एकट्या मला, त्या काचेवर, दुपारच्या उजेडात. शेजारची बाई म्हणाली, ‘काय झालं?’ मी म्हटलं, चिकटद्रव डोळ्यांत गेला. थोड्या वेळानं तो आला, चहाचा पेला घेऊन, आणि विचारलं, ‘कसं आलंय?’ त्याला वाटत होतं मी त्याच्या कामाकडे बघते आहे. मी म्हटलं, ‘ठीक.’ आणि तो गेल्यावर त्या अडीचशे चित्रांचे मी तुकडे केले. एकेका चित्राचे. शेपटी तर कापायचीच असते, म्हणून त्यात माझा काही गुन्हा नव्हता. पण कापताना जे बरं वाटलं ना बारके, ते वाटायला नको होतं. ती चव जिभेला लागली.

आता तुझा तो मोठा प्रसंग. तू तो विसरली असशील असं मला कधी वाटलं नाही, पण तू त्याविषयी कधी बोललीही नाहीस. समुद्रकिनाऱ्यावर खऱ्या गलबतावर घेतलेला. तू अधिकाऱ्याला तलवारीत हरवतेस, त्याची टोपी तलवारीच्या टोकावर उचलतेस, आणि तेवढ्यात एक खलाशी येऊन सांगतो की खाली तुझे वडील गेले. दोनदा घेतला होता. पहिल्यांदा तू जे केलंस ते कुणी सांगितलेलं नव्हतं. तू हसलीस. खलाशी थट्टा करतोय असं वाटून हसलीस, जिंकल्याचं हसू तोंडावर होतंच, त्यातच ते मिसळलं. मग तू त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंस. हसू गेलं नाही. ओठांवरच राहिलं, पण त्याच्यामागचं माणूस निघून गेलं. किती वेळ ते तसंच रिकामं राहिलं, आणि टोपी तलवारीच्या टोकावर वाऱ्यानं फिरत होती. शेवटी तू ती टोपी काढून अधिकाऱ्याला परत दिलीस, अगदी अदबीनं, दुसऱ्याची वस्तू चुकून हातात राहिल्यासारखी. बाबा गेले त्या सकाळी तू डॉक्टरांची छत्री अशीच त्यांच्या हातात दिली होतीस. मला माहीत होतं ते कुठून आलं. त्या खोलीत त्या दिवशी मीही होते ना.

भोंग्याला पहिलं पसंत होतं, पण धोका नको म्हणून त्यानं दुसऱ्यांदा घेतलं. या वेळी नेहमीसारखं, कपाळावर हात, डोळे वर, मागं कोलमडायचं. तुला ते जमलं नाही. लाकडी झालं. तूच हसत म्हणालीस, ‘हे टाकून द्या हो.’ मग भोंगा काविळीनं अंथरुणाला खिळला, मालकांनी तारीख जाहीर केलेली, आणि त्यानं मला निरोप धाडला, ‘कात्रीबाई, पहिलं घ्या, बाकी तुम्ही शहाण्या आहात.’

मी दुसरं घेतलं.

पहिली पट्टी मी शनिवारी भंगाराच्या डब्यात टाकली. फिल्मवरची चांदी काढून घ्यायला ते भंगार शनिवारीच घेऊन जायचे, सोमवारी विचारलं तर कुठून आणणार? सगळ्यांना सांगितलं की पट्टीवर उभा ओरखडा पडला होता, बरोबर तुझ्या चेहऱ्यावरून. कॅमेऱ्यात वाळूचा कण अडकला असणार. मालकांनी एकडोळ्याला आवारात सगळ्यांसमोर झाडलं. तो टोपी हातात धरून उभा राहिला. मग माझ्याकडे आला. म्हणाला, ‘मी स्वतः पुसला होता कॅमेरा. किती मोठा होता ओरखडा?’ मी बोटानं काचेवर रेघ काढून दाखवली, वरपासून खालपर्यंत. माझा हात कापला नाही. तो आवारात गेला, सगळा कॅमेरा उघडला, आणि संध्याकाळपर्यंत एकेक भाग पुसत बसला. मी खिडकीतून बघत होते.

आणि मी तिथंच थांबले नाही. कप्तानाच्या मुलीच्या प्रत्येक पट्टीची मी दोन्ही टोकं कापली. आठ चित्रं इथून, दहा तिथून. माणूस काही बोलण्याआधी जो विचार करतो ना, ती आठ चित्रं. ऐकून झाल्यावर जे त्याच्या तोंडावर उमटतं, ती दहा. कुणाच्या लक्षात यायचं नाही, कथा कुठं अडायची नाही. नुसती तू त्यातून निघून जायचीस. केसानं गळा कापतात म्हणतात, मी कात्रीनं कापला, पण इतका बारीक की रक्त दिसलं नाही.

पहिल्या खेळाला तू माझ्या आणि एकडोळ्याच्या मध्ये बसली होतीस. तुझा हात माझ्या हातात. मिशीच्या उड्यांना शिट्ट्या पडल्या, आगीला टाळ्या पडल्या. मग तो प्रसंग आला. तू कपाळावर हात नेलास आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी खिदळलं. मग सगळं थिएटर. बाप मेलेल्या मुलीला लोक हसत होते. तुझा हात माझ्या हातात गार पडत गेला आणि मी तो घट्ट धरला. तुला वाटलं आधार देते आहे. खोलीवर येऊन तू बूट काढलेस, पलंगावर बसलीस आणि म्हणालीस, ‘बरं झालं ताई, वेळेवर कळलं. माणसं खोटं बोलतात, पडदा खोटं बोलत नाही.’ मी तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, ‘असू दे गं. सगळ्यांनाच जमतं असं नाही.’ आयुष्यात मी पुष्कळ वाईट बोलले असेन. इतकं मऊ आवाजात इतकं वाईट दुसरं काही बोलले नाही.

पुढचं तुला माहीत आहे. भोंग्यानं दुसरी मुलगी घेतली. एकडोळ्याला कॅमेऱ्यावरून काढून, प्रसंगांच्या मध्ये दाखवायच्या संवादांच्या पाट्यांची अक्षरं काढण्याच्या कामावर बसवलं. त्या वर्षात तुम्ही दोघं रोज संध्याकाळी आवारातल्या मोडक्या जहाजावर बसून बोलायला लागलात. एकाला वाटत होतं आपला हात गेला, दुसरीला वाटत होतं आपल्यात काही नव्हतंच. हरलेली दोन माणसं. तुम्हाला एकत्र मी आणलं, बारके. मी नसते तर तू पुढं गेली असतीस आणि तो टेबलाशी चहा पीत राहिला असता, कदाचित. लग्नाच्या दिवशी तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, ‘तुझ्याशिवाय हे झालं नसतं.’ मला वाटलं तुला कळलंय. मग कळलं की तुला मोजे आठवत होते.

मी राहिले. मोठी झाले. आता माझ्या हाताखाली सहा मुली आहेत, माझ्या चपलांचा आवाज आला की गप्प होतात. आवाजाची पट्टी वेगळी, चित्राची वेगळी, दोन चष्मे लागतात. तुमच्याकडे वर्षातून एकदा येते, बघते. दुकानात कुणाचाही फोटो काढताना तुझा नवरा आधी भिंगावर तीन वेळा फुंकर मारतो, मग ब्रशनं कॅमेऱ्याचं पोट झाडतो, मग पुन्हा फुंकर. गिऱ्हाइकं हसतात, तूही त्याची नक्कल करून दाखवतेस. मी हसत नाही म्हणून तू मला रडवी म्हणतेस. तो तिथं वाळूचा एक कण शोधतो आहे जो कधी नव्हताच. आणि एवढं असूनही, तू जेवायला वाढताना तो वर मान करून तुझ्याकडे बघतो, तेव्हा मी अजून मोजते. सवय आहे. सोळा चित्रांचा एक सेकंद.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. गेल्या गुरुवारी तुझी थोरली माझ्या दारात उभी राहिली. तुला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून आली होती. तुझ्या चार पानांत छप्पर आहे, गुडघा आहे, पण पोरीचं अवाक्षर नाही, तेव्हाच मी समजायला हवं होतं. आमच्याच स्टुडिओत तिनं चाचणी दिली, माझं नावही न सांगता, आणि तू तिला परवानगी नाकारलीस. तू तिला काय म्हणालीस तेही तिनं सांगितलं. ‘आपल्या रक्तात ते नाही. मी स्वतःला पडद्यावर पाहिलंय. भरलेलं थिएटर हसलं होतं. तुझ्यावर ती पाळी यायला नको.’ मग तिनं मला विचारलं, ‘मावशी, आई खरंच एवढी वाईट होती?’ मी म्हटलं, चहा पी, गार होतोय. शनिवारी तिची पट्टी माझ्या टेबलावर आली. चेहरा बापाचा, ती लांब हनुवटी. पण समोरचा बोलतो तेव्हा ऐकते कशी! बघताना माझ्या पोटात तेच जुनं दुखलं. म्हटलं, हेसुद्धा बारकीलाच मिळालं. पट्टी मी जशीच्या तशी दिग्दर्शकाकडे पाठवली, पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत. त्यांना ती हवी आहे, येत्या सोमवारपासून. तुझ्या होकाराशिवाय ती येणार नाही म्हणते, आणि तुझा नकार माझ्या खोटेपणावर उभा आहे. तू वाईट नव्हतीस, बारके. चोवीस वर्षांत माझ्या काचेवरून हजारो चेहरे गेले. तू त्या दिवशी हसलीस तसं मी पुन्हा पाहिलं नाही. माझ्या शब्दावर तू का विश्वास ठेवावास? ठेवू नकोस. तेव्हा कॅमेऱ्यामागं उभा असलेला माणूस तुझ्याच घरात आहे. त्याच्याच डोळ्यांबद्दल मी त्याला खोटं सांगितलं, म्हणून तो इतकी वर्षं गप्प राहिला. हे पत्र त्याच्या हातात दे आणि विचार, पहिल्या वेळी किनाऱ्यावर त्यानं काय पाहिलं. सांगताना त्याचा चेहरा कसा होतो ते तू बघशील, मला बघायला मिळणार नाही, आणि त्याचाही मला आत्ताच हेवा वाटतो आहे. मला माफ करायचं की माझं तोंड पाहायचं नाही, ते सावकाश ठरव. आधी पोरीला हो म्हण.

तुझीच, पोटातलं सगळं ओठांवर आणलेली,
ताई